जुन्या भिंतीला चुनाच हवा

साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे महाराष्ट्रातले अकरा किल्ले आणि तमिळनाडूतला जिंजी यांची ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नोंद झाली. आनंद सगळ्यांना झाला आणि तो व्हायलाच हवा होता. त्या आनंदापाठोपाठ आता आराखडे होतील, निधी येईल, निविदा निघतील. ढासळलेले बुरूज, फुगलेले तट आणि उघडे पडलेले सांधे दुरुस्त करण्याची घाई सुरू होईल. यादीत नसलेल्या शेकडो गढ्या, वाडे, बारवा आणि देवळे यांच्यावरही त्या उत्साहाचे शिंतोडे उडतील. अशा वेळी फार थोडे लोक विचारतात तो प्रश्न असा की दोन दगडांच्या मध्ये भरायचे काय? चुन्यात बांधलेली भिंत चुन्यातच दुरुस्त व्हायला हवी, तिथे सिमेंट चालणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. परंपरेचा मान म्हणून ते कोणी मान्य करावे अशी माझी अपेक्षा नाही. पाणी, क्षार, ऊन आणि वजन यांचा भिंतीशी वर्षानुवर्षे जो व्यवहार चालतो तो नीट पाहिला की हेच उत्तर निघते.

आधी चुना म्हणजे काय ते पाहू, कारण पानाच्या डब्यातली डबी आणि दिवाळीपूर्वीची सफेदी यापलीकडे त्याची ओळख आज उरलेली नाही. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. शंभर किलो शुद्ध चुनखडीतून ४४ किलो वायू जातो आणि ५६ किलो कळीचा चुना उरतो. या कळीवर पाणी पडले की ती तापते, फुलते, फुटते आणि विझते. विझलेला चुना हौदात पाण्याखाली काही आठवडे, जमल्यास काही महिने मुरू दिला की मऊ आणि चिकट होतो. मग त्यात वाळू घालून तो घाण्यात मळायचा. वर्तुळाकार दगडी चर आणि त्यातून बैलांनी फिरवायचे जड दगडी चाक असा हा घाणा तिकोन्यासारख्या गडावर आजही पाहायला मिळतो. भिंतीत गेल्यावर हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड परत ओढून घेतो आणि सांध्यासांध्यात पुन्हा चुनखडीच तयार होते. हे काम बाहेरून आत, अतिशय सावकाश चालते. जाड तटाच्या गाभ्यात तर कित्येक वर्षे. मधल्या काळात भिंत थोडी बसली, थोडी हलली, तरी चुना तिच्याबरोबर हलतो. बारीक भेग पडलीच तर पावसाच्या पाण्यात विरघळलेला चुन्याचा अंश त्या भेगेत जाऊन पुन्हा घट्ट होतो आणि ती बुजवतो. बांधकामाच्या फार थोड्या सामग्रीत हा गुण आहे.

दख्खनच्या कारागिरांपुढे एक अडचण होती. हे पठार बेसाल्टचे, काळ्या पाषाणाचे; चुनखडीचे मोठे साठे विदर्भात, यवतमाळ आणि चंद्रपूरकडे. आजचे मोठे सिमेंट कारखाने त्या भागात उभे राहिले तेही त्यामुळेच. मग पठारावरच्या लोकांनी काळ्या मातीत आणि ओढ्याकाठी सापडणारे कंकर, म्हणजे चुनखडीचे खडे, भाजले, किनाऱ्यावरच्या लोकांनी शिंपले भाजले. या दोन चुन्यांचा स्वभाव वेगळा. शिंपल्यांचा चुना जवळजवळ शुद्ध, पांढराशुभ्र आणि मुलायम, पण ओलाव्यात तो घट्ट व्हायला फार वेळ घेतो. कंकरात मातीचा अंश असतो, आणि भट्टीत ती माती चुन्याशी जुळली की असा चुना दमट जागीसुद्धा धरतो. इंग्लंडमध्ये १७५० च्या दशकात एडिस्टनचे दीपगृह समुद्रातल्या खडकावर बांधताना जॉन स्मीटन या अभियंत्याने प्रयोग करून हेच ओळखले: चुनखडीत माती मिसळलेली असेल तर तिचा चुना पाण्यातही घट्ट होतो. आपल्याकडे शुद्ध चुन्याला तो गुण देण्यासाठी भाजलेल्या विटेची भुकटी, म्हणजे सुरखी, मिसळत. पायासाठी कोणता चुना, गिलाव्यासाठी कोणता, हौदाच्या आतल्या अस्तरासाठी कोणता, याचा विचार त्यामागे होता. हे ज्ञान केवळ जुन्या गवंड्यांच्या हातात राहिले असेही नाही. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस ७१२ या मानकात बांधकामाच्या चुन्याचे वर्ग पाडून दिले आहेत आणि त्यात कंकर चुन्याला स्वतंत्र वर्ग आहे. चुना विझवून मुरवायचा कसा, हे आयएस १६३५ मध्ये लिहिलेले आहे.

आता सिमेंट. जोसेफ अ‍ॅस्पडिनने इंग्लंडमध्ये पोर्टलँड सिमेंटचे एकस्व घेतले ते १८२४ मध्ये. भारतात सिमेंटचे उत्पादन खऱ्या अर्थाने सुरू झाले ते १९१४ मध्ये पोरबंदरला. म्हणजे आपले किल्ले, पेशवाईतले वाडे, अहिल्यादेवी होळकरांनी बांधलेले घाट, एवढेच काय, मुंबईतले व्हिक्टोरियन काळातले बहुतेक दगडी वैभव हे सगळे देशी सिमेंटच्या आधीचे आहे. सिमेंटला मी नावे ठेवणार नाही. धरण, पूल, बहुमजली इमारत, पाण्याची उंच टाकी यांना तेच लागते, आणि गरिबाच्या डोक्यावर पक्के छत आले त्यातही सिमेंटचा मोठा वाटा आहे. ते झटपट घट्ट होते, खूप वजन पेलते आणि पाणी अडवते. पण जुन्या भिंतीत नेमके हेच तीन गुण अंगाशी येतात.

जुनी भिंत कोरडी राहते ती पाणी आत येत नाही म्हणून, असा आपला समज असतो. पण पाणी तिच्यात येतच असते. पायातून ओल चढते, माथ्यावरून पाऊस मुरतो, जमिनीतले क्षार पाण्याबरोबर वर येतात. ती टिकते ते आलेले पाणी परत बाहेर जाते म्हणून, आणि ते बाहेर जाते सांध्यांमधून, चुन्याच्या सूक्ष्म छिद्रांतून. ते जाताना क्षार मागे सोडते. त्या क्षारांचे स्फटिक चुन्यात वाढतात आणि चुना थोडा थोडा झिजतो. हा झिजणारा चुना म्हणजे घरातल्या विजेचा फ्यूज आहे. तो स्वतः जळतो आणि बाकीचे वाचवतो, आणि तो बदलणे सोपे असते. चाळीस-पन्नास वर्षांनी सांधे खरवडून नव्या चुन्याने भरले की भिंत पुन्हा ताजी. सांध्यात सिमेंट भरले की ही वाट बंद होते. पाणी मग दगडातून किंवा विटेतून बाहेर पडायला बघते, क्षारांचा लोणा दगडावर धरतो, आणि झिजतो तो दगड. सिमेंटमध्ये स्वतःचेही क्षार असतात, ते यात भर घालतात. शिवाय ऊन-पावसात सिमेंट आणि जुने बांधकाम एकाच मापाने फुगत-आकसत नाहीत. दोघांच्या मध्ये केसाएवढी फट पडते, तिच्यातून पाणी आत शिरते, आणि आत गेलेल्या पाण्याला बाहेर यायला जागा नसते. काही वर्षांनी आपण पाहतो ते दृश्य असे, की सांध्यातल्या सिमेंटची पट्टी उभी आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंची वीट खोल खचली आहे. दुरुस्ती टिकली, पण जिची दुरुस्ती केली ती गेली.

कोकण आणि गोव्यात हे सर्वात लवकर दिसते, कारण तिथला जांभा सच्छिद्र आणि मऊ. तो उघडा ठेवायचा दगडच नव्हे. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बासिलिकेचे उदाहरण त्यासाठी पाहावे. १६०५ मध्ये प्रतिष्ठापना झालेल्या या चर्चच्या जांभ्याच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात, पोर्तुगीज राजवटीत, दगडाचे रूप खुलावे म्हणून तो काढून टाकला गेला. तेव्हापासून गोव्याचा पाऊस थेट त्या दगडावर कोसळतो आहे. ज्या लाल भिंतींचे फोटो आज जगभर जातात, त्या मुळात तशा दिसाव्यात अशी बांधणाऱ्यांची इच्छा नव्हती. दगड झिजत असल्याची चिंता जाणकार व्यक्त करत आहेत आणि गिलावा पुन्हा चढवावा की नाही यावर वाद सुरू आहे. माझ्या दृष्टीने तो चढवायला हवा, आणि तो चुन्याचाच हवा. संभाजीनगरचा बीबी का मकबरा हे उलट बाजूचे उदाहरण. तिथे संगमरवर थोडा. बाकीच्या इमारतीचे शुभ्र रूप बारीक घोटलेल्या चुन्याच्या गिलाव्याचे आहे आणि सतराव्या शतकापासून ते नाव राखून आहे. दिल्लीत हुमायूनच्या कबरीचे मोठे संवर्धन २०१३ मध्ये पूर्ण झाले. त्यात विसाव्या शतकात गळती थांबवण्यासाठी छतावर थरावर थर घातलेले सुमारे दहा लाख किलो काँक्रीट फोडून उतरवावे लागले. तेवढे वजन त्या इमारतीने विनाकारण वाहिले, आणि ते काढून तिथे पुन्हा चुनाच घालावा लागला.

इथे सह्याद्रीतला माणूस म्हणेल, आमचा दगड जांभा नाही, काळा पाषाण आहे, त्याला सिमेंट काय करणार? या आक्षेपात तथ्य आहे. घट्ट बेसाल्टचे पोपडे सिमेंटमुळे सहसा निघत नाहीत. पण किल्ल्याचा तट म्हणजे एकसंध दगड नव्हे. बाहेरून आणि आतून घडीव दगडांचे दोन थर आणि मधल्या पोकळीत दगडगोटे, कपच्या आणि चुना, अशी त्याची रचना असते. तटामागे बऱ्याचदा मातीचा भराव असतो. जून ते सप्टेंबर या भरावात आणि गाभ्यात पाणी साचते. सांधे चुन्याचे असतील तर ते झिरपून जाते. दर्शनी बाजूचे सगळे सांधे सिमेंटने लिंपले, आणि पाणी निघण्यासाठी मुळात ठेवलेली भोकेही गवंड्याने टापटीप म्हणून बुजवली, की पाण्याचा दाब आतून वाढतो, गाभ्यातला चुना धुपतो आणि तटाला पोट सुटते. मग एका पावसाळ्यात तो भाग बाहेर पडतो. लोक म्हणतात, साडेतीनशे वर्षे टिकलेला तट आताच कसा पडला? त्याला अनेक कारणे असू शकतात, झाडांची मुळे, माथ्यावरून निखळलेले दगड, शेजारची खोदाई. पण आधीच्या दहा-वीस वर्षांत तिथे कशाने दुरुस्ती झाली होती, हे पहिल्या पंचनाम्यातच लिहिले गेले पाहिजे.

याहून गंभीर आक्षेप भूकंपाचा आहे आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत जवळपास आठ हजार माणसे गेली. त्यातली फार मोठी संख्या दगडी भिंतींखाली गेली. त्यानंतर मराठवाड्याच्या मनात जुनी दगडी भिंत म्हणजे मृत्यू आणि सिमेंट म्हणजे सुरक्षा हे समीकरण बसले. ज्यांनी घरातली माणसे गमावली त्यांच्या भीतीचा मी आदरच करतो. मात्र त्या घरांच्या भिंती कशा होत्या ते विसरू नये. दोन-अडीच फूट जाड, ओबडधोबड दगडांच्या, मातीत रचलेल्या. आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना बांधणारा, भिंतीच्या आरपार जाणारा दगड त्यांत नव्हता. वर मातीच्या धाब्याचे प्रचंड ओझे. धक्का बसताच दोन थर सुटे झाले आणि छत खाली आले. तज्ज्ञांनी त्यातून धडा काढला तो ठराविक अंतरावर आरपार दगड बसवण्याचा, कोपरे बांधण्याचा, भिंतीभोवती पट्टा घालण्याचा आणि छत हलके करण्याचा. कमी ताकदीच्या दगड-मातीच्या बांधकामासाठी त्याच वर्षी निघालेले आयएस १३८२८ हे मानकही याच दिशेने जाते. आतले दोन थर सुटेच ठेवून बाहेरून सिमेंटचा गिलावा केला तर भिंत मजबूत दिसते, होत नाही. पेशवाईतल्या वाड्यांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा भार घ्यायचा, हेही ध्यानात घ्यावे. जुन्या इमारतीला भूकंपासाठी बळकट करायचे असेल तर तिचे भाग एकमेकांना बांधण्याची गरज आहे, आणि बांधणीचे ते काम चुन्याबरोबर करता येते.

चुन्यात ताकद नाही, हा आक्षेप मात्र मला तितका वजनदार वाटत नाही. साध्या चुन्याच्या मसाल्याची दाब सोसण्याची शक्ती सिमेंटच्या मसाल्यापेक्षा कित्येक पटींनी कमी असते, हे खरे. पण दोन-तीन मीटर जाडीच्या तटात एकेका चौरस सेंटिमीटरवर येणारा भार इतका थोडा असतो की तेवढी ताकद पुरून उरते. भिंतीला जितकी लागते त्याहून जास्त ताकद सांध्यात भरल्याने भिंतीचे काही भले होत नाही. उलट सांधा दगडाहून किंवा विटेहून नेहमी मऊ असावा, म्हणजे ताण आला तर भेग सांध्यात पडते, दगड शाबूत राहतो. आणि पाण्यात चुना टिकत नाही म्हणणाऱ्यांनी म्हैसूरजवळचे कृष्णराजसागर आठवावे. १९११ ते १९३२ या काळात बांधलेले, कावेरी अडवणारे ते धरण सुरखीच्या मसाल्यात उभे आहे. त्या धाटणीने आज नवे धरण बांधावे असे मी सुचवत नाही. सुरखी-चुना पाण्याला भिडतो, एवढेच त्यातून दिसते.

आता व्यवहाराच्या अडचणी. चुना मिळतो कुठे, असे कंत्राटदार विचारतात. उसाच्या रसातला गाळ काढायला प्रत्येक साखर कारखाना गळीत हंगामात चुना वापरतो. पोलाद कारखान्यांना तो लागतो. राजस्थानातून आणि मध्य प्रदेशातल्या कटनीकडून तो देशभर जातो. चुना दुर्मीळ झालेला नाही; बांधकामाच्या दुकानातून तो गेला आहे. मात्र हा चुना बहुतेक शुद्ध असतो, म्हणून ओल्या आणि उघड्या जागी त्याला सुरखीची जोड द्यावीच लागते. कंकराच्या चुन्याची गोष्ट वेगळी. त्याच्या छोट्या भट्ट्या जवळजवळ संपल्या आहेत, आणि तटांसाठी, बारवांसाठी, घाटांसाठी खरे तर तोच हवा. एखाद-दुसरी भट्टी सरकारी मागणीच्या भरवशावर पुन्हा पेटली तर अनेक कामांची सोय होईल.

कारागिरांची अडचण खरी आहे, पण तिच्यावर एक चुकीचा तोडगा निघू लागला आहे. चुन्यात गूळ, बेलफळ, हिरडा, मेथी, उडीद घातले की काम पारंपरिक झाले, असा गाजावाजा होतो. हे पदार्थ जुन्या कामांत वापरले जात आणि त्यामागे कारणेही होती. साखरेमुळे चुना पाण्यात अधिक विरघळतो, चिकट रसांमुळे मसाला लवकर सुकत नाही. पण चुना कच्चा असेल, पुरता विझला नसेल, वाळूत माती असेल, तर गुळाने काही सावरत नाही. गूळ प्रमाणाबाहेर गेला तर चुना धरायलाच उशीर होतो. मुरवणे, मळणे, दाबून भरणे आणि नंतर ओल राखणे यांना पर्याय नाही. याच्या जोडीला आणखी एक सवय बोकाळली आहे: लवकर धरावा म्हणून चुन्यात थोडे सिमेंट टाकायचे. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात स्मीटनच्याच नावाने चाललेल्या एका संशोधन प्रकल्पात याची चाचणी झाली. चुन्यात थोडे सिमेंट मिसळल्याने मसाला मजबूत होण्याऐवजी दुबळा आणि कमी टिकाऊ झाला. मंद आचेवर भाजलेल्या विटेची बारीक भुकटी घातल्यावर मात्र तो सुधारला. आपल्या सुरखीला प्रयोगशाळेने दिलेला हा दुजोरा आपल्याच अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकवला जायला हवा.

गडांवर स्वखर्चाने, घाम गाळून काम करणाऱ्या तरुणांच्या मंडळांचा इथे वेगळा विचार करावा लागेल. टाकी साफ करणे, दरवाजे बसवणे, वाटा मोकळ्या करणे हे त्यांनी केले नसते तर अनेक गड आज झुडपांत हरवले असते. त्यांच्या निष्ठेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. तालुक्याच्या दुकानात सिमेंटची गोणी कधीही मिळते, ती खांद्यावरून वर नेता येते, आणि रविवारी संध्याकाळी काम पुरे झालेले दिसते. म्हणून ते सिमेंट नेतात. गावच्या देवळाचा जीर्णोद्धार करणाऱ्या मंडळींचेही तेच. त्यातच काळ्या दगडी देवळाला आतून-बाहेरून तैलरंग देण्याची आणि हेमाडपंती देवळाच्या, जिथे मुळात दगडांच्या मध्ये काही भरलेलेच नसते, त्या सुक्या सांध्यांत सिमेंट कोंबण्याची रीत पडली आहे. या लोकांना दोष देण्यापेक्षा पुरातत्त्व खात्याने प्रत्येक जिल्ह्यात मुरलेला चुना आणि चाळलेली सुरखी अल्प किमतीत मिळण्याची सोय करावी आणि एक जाणता गवंडी त्यांच्याबरोबर द्यावा. उत्साह आहेच, त्याच्या हातात योग्य माल दिला की पुरे.

हाच नियम साध्या घरांनाही लागू आहे, हे सांगायचे राहून जाऊ नये. मराठवाडा आणि खानदेशात पांढऱ्या मातीच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा करून घेतलेली घरे खूप आहेत. काही पावसाळ्यांत तो गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो आणि पडताना मातीचा थर घेऊन पडतो. त्या घराच्या मालकाने कर्ज काढून भिंत पातळ करून घेतलेली असते. त्या भिंतीला माती-चुन्याचा लेप आणि वर सफेदी हेच स्वस्त आणि हेच टिकाऊ, पण तसे सांगणारे त्याला कोणी भेटत नाही.

चुना पर्यावरणपूरक असल्याचा प्रचार हल्ली जोरात असतो. त्यात थोडा संयम बरा. चुनखडी भाजतानाही कार्बन डायऑक्साइड निघतो आणि भट्टीला इंधन लागते. घट्ट होताना चुना रासायनिक क्रियेतला वायू बराचसा परत घेतो, इंधनाचा धूर परत घेत नाही. सिमेंट १४५० अंशांपर्यंत तापवावे लागते आणि जगाच्या कार्बन उत्सर्जनात त्या उद्योगाचा वाटा सात-आठ टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणून तुलनेत चुना उजवा ठरतो. पण माझा युक्तिवाद त्यावर उभा नाही. चुना उद्या सिमेंटइतकाच धूर सोडणारा निघाला तरी जुन्या भिंतीला तोच लागेल.

सिमेंट स्वस्त पडते, या मुद्द्यातही पूर्ण चित्र नसते. आजचा दर पाहिला तर चुन्याचे काम महाग आहे, कारण त्यात माणसांचे दिवस जास्त जातात. पण चुन्याचा सांधा जुना झाला की हाताने खरवडता येतो. सिमेंटचा काढायला छिन्नी-हातोडा लागतो आणि त्यात दगडाच्या कडा फुटतात. एक चुकीची दुरुस्ती काढण्याचा खर्च मूळ बचतीच्या कित्येक पट होतो. चुन्याच्या सांध्यात पिंपळ आणि उंबर लवकर रुजतात अशीही तक्रार असते. ते रुजतात, म्हणून दर पावसाळ्यानंतर रोपे मुळासकट काढण्यासाठी माणसे लावली पाहिजेत. त्या देखभालीचा खर्च अंदाजपत्रकात वेगळा आणि दरवर्षीचा असायला हवा. आपल्याकडे वीस वर्षे काही करायचे नाही आणि मग एकदम मोठे काम काढायचे, असा प्रघात आहे.

म्हणून बदल करायचा तो निविदेच्या कागदात. चुन्याचे काम कशाने फसते, हे गवंड्याला विचारले तर तो घाईचे नाव घेईल. निधी डिसेंबर-जानेवारीत सुटतो, बिले मार्चअखेर निघाली पाहिजेत, आणि चुना तर मुरायला आठवडे मागतो. कामाची योग्य ऋतुरीत अशी, की पावसाळ्यात कळी विझवून हौद भरून ठेवायचे, दसरा-दिवाळीनंतर भिंतीला हात घालायचा, कडक ऊन यायच्या आत संपवायचे, आणि भरलेल्या भागावर ओले गोणपाट टाकून तो हळू सुकू द्यायचा. यासाठी निधी दोन आर्थिक वर्षांत विभागून मिळाला पाहिजे, आणि मुरवणीच्या दिवसांना दरसूचीत वेगळा दर हवा, नाहीतर कंत्राटदार ते दिवस गाळणारच. काम सुरू होण्याआधी भिंतीतल्या मूळ मसाल्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून त्यातले चुना, वाळू आणि सुरखीचे प्रमाण ठरवावे. मग भिंतीच्या एका कोपऱ्यात नमुन्याचा तुकडा भरून तो एक पावसाळा पाहावा. भरलेल्या सांध्यात सिमेंट आढळले तर बिल रोखण्याची अट करारात असावी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या गवंडी अभ्यासक्रमात चुन्याचा एक विभाग घालावा आणि ज्यांच्या हातात हे काम अजून आहे त्या वयस्क गवंड्यांना तिथे मानधनावर शिकवायला बोलवावे, पदवी न विचारता. बारा किल्ल्यांच्या पहिल्याच कामांपासून हे करता येईल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, सार्वजनिक बांधकाम आणि पुरातत्त्व या दोन खात्यांनी मिळून काढलेले एक परिपत्रक पुरेसे आहे.